खेळणाऱ्या मुलांचं हार्ट चेकअप पॅकेज, नाशिक : आमचा अनुभव, खर्च आणि बरंच काही

आमचा मुलगा सोळाचा आहे, पाचवीपासून फुटबॉल खेळतो, लेफ्ट बॅक. आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका टर्फवर प्रॅक्टिस आणि रविवारी सकाळी मॅच. त्यामुळे त्याच्या हार्टचं काही तपासायला लागेल हे आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, पोरगं पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढतं, त्याला काय होणारे, असंच आपण सगळे म्हणतो ना. जूनमध्ये टीमच्या सिलेक्शनसाठी फिटनेस सर्टिफिकेट मागितलं तेव्हा आम्ही जवळच्या एका ठिकाणी गेलो, तिथे शंभर रुपये घेऊन दोन मिनिटांत सही शिक्का मिळाला, स्टेथोस्कोप गळ्यातून खालीसुद्धा आला नाही. माझ्या मनाला ते पटेना. ह्यांच्या चुलत्यांचं अडतिसाव्या वर्षी शेतात काम करता करता निधन झालेलं, घरात सगळे 'अटॅक आला' एवढंच म्हणतात आणि विषय संपतो, पण मला त्या दिवशी ते नेमकं आठवलं.

म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी नुसता ईसीजी काढायला नेलं, आणि तिथे जे झालं ते मी कधी विसरणार नाही. कागद मशीनमधून बाहेर आला, वर मशीननेच काहीतरी 'अॅबनॉर्मल' असं छापलेलं, तिथल्या डॉक्टरांनी तो बघितला आणि मुलाच्या समोरच म्हणाले, हार्ट मोठं झालंय, फुटबॉल बंद करा, पुढचा पेशंट. मी विचारलं, म्हणजे नक्की काय, तर म्हणाले, मॅडम रिस्क कशाला घेता, अभ्यासाकडे लक्ष द्या म्हणावं. बाहेर येऊन गाडीपाशी आम्ही दोघं उभे होतो आणि तो मला एकच विचारत होता, आई, एरिकसनसारखं का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १२ जून २०२१, लॉकडाऊनचे दिवस, आमच्याकडे रात्री टीव्हीवर युरो कपची डेन्मार्क विरुद्ध फिनलंड मॅच चालू होती, कोपनहेगनला. हाफटाईमला थोडाच वेळ होता, डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिकसन थ्रोइनचा बॉल घ्यायला पुढे आला आणि कोणी धक्का न देता सरळ खाली कोसळला. त्यांचा कॅप्टन सायमन केअर धावत आला, बाकीच्या खेळाडूंनी भोवती कडं केलं, तोंड बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे आतलं कोणाला दिसू नये. आमचा तेव्हा अकरा वर्षांचा, माझ्या कुशीत शिरून बसला होता. मैदानातच सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबत राहिले, शॉक दिला, एका शॉकमध्ये तो परत आला. टीमचे डॉक्टर नंतर म्हणालेच की तो गेला होता. त्या रात्रीपासून ह्याच्या खोलीत एरिकसनचा फोटो आहे, त्यामुळे त्याने तो प्रश्न का विचारला हे मला लगेच कळलं.

तर आता मुद्द्याचं, ज्या पॅकेजचा हा रिव्ह्यू आहे ते. टर्फवरच्या एका मुलीच्या वडिलांनी सांगितलं की कॅनडा कॉर्नरच्या बाजूला एक हार्ट क्लिनिक आहे, तिथल्या डॉक्टर मॅडम खेळणाऱ्या मुलांचं वेगळं बघतात. नाव मी टाकत नाहीये कारण मॅडम स्वतःच म्हणाल्या, माझं नाव कुठे टाकू नका, काय काय तपासलं आणि का तपासलं ते लिहा, म्हणजे लोक जिथे जातील तिथे विचारू तरी शकतील. मला ते पटलं.

पॅकेज ५,५०० रुपयांचं. त्यात ईसीजी, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ट्रेडमिल टेस्ट, आणि मॅडमची दोन वेळची कन्सल्टिंग. लागलं तर २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगाला मशीन लावून दिवसभराचे ठोके नोंदवायचे, त्याचे वेगळे ३,००० रुपये. आम्हाला लागलं. एमआरआय त्यांच्याकडे होत नाही, तो बाहेर करावा लागला, ९,५०० गेले. एकूण अठरा हजार झाले म्हणजे आमच्यासारख्यांना कमी नाहीत, ह्यांचा सातपूरला एमआयडीसीत पगार आणि माझी शाळेतली नोकरी, त्यात मुलाचे बूट आणि टर्फची फी वेगळी. पण एकदाही असं वाटलं नाही की उगाच टेस्ट मारल्या. प्रत्येक टेस्टच्या आधी ती कशासाठी आणि त्यात काही नाही निघालं तर पुढे काय, हे सांगितलं, आणि ट्रेडमिल आजच करायची गरज नाही, आधी इको बघू, असं त्याच म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मशीनच्या आधी पाऊण तास नुसते प्रश्न. पळताना कधी चक्कर आली का, मॅच चालू असताना, मॅच संपल्यावर नाही, तर चालू असताना कधी डोळ्यापुढे अंधार आला का, छातीत दुखलं का, धडधड अचानक सुरू होऊन अचानक थांबते का. घरात पन्नाशीच्या आत कोणी अचानक गेलं का. इथे मी चुलत सासऱ्यांचं सांगितलं तर मॅडमनी पेन खाली ठेवलं, मग एक कोरा कागद घेतला आणि त्यावर आमची वंशावळच काढायला लागल्या, आजोबा, त्यांचे भाऊ, आत्या, कोण किती वर्षांचं, कोण कशाने गेलं. ह्यांना तिथूनच फोन लावून विचारलं. ह्यांनाही नीट माहीत नव्हतं, मग ह्यांनी गावी आत्याला फोन केला, तेव्हा कळलं की ते चुलते आधीही दोनदा शेतात चक्कर येऊन पडले होते आणि सगळ्यांनी ऊन लागलं म्हणून सोडून दिलं होतं. एवढी वर्षं ही गोष्ट घरात होती आणि कोणी कोणाला विचारली नव्हती.

मग ईसीजी. टेक्निशियन ताई फार छान होती, ह्याला लाज वाटत होती तर म्हणाली, अरे दादा, माझा भाऊ पण तुझ्याएवढाच आहे, शांत पडून राहा, हात सैल सोड. नवीन कागद आणि आधीचा कागद मॅडमनी शेजारी शेजारी ठेवले आणि मला बोट ठेवून दाखवलं. ह्या ज्या उंच उंच रेषा आहेत ना, ह्यामुळे मशीनने हार्ट मोठं असं छापलं, पण रोज पळणाऱ्या बारीक पोरांच्यात ह्या उंच येतातच, ते खेळाचं हार्ट आहे, त्याला घाबरायचं नाही. पण हे बघा, इथे शेवटच्या दोन पट्ट्यांत ही लाट वर जायच्या ऐवजी खाली गेलीये. ही ह्या जागी खाली जाणं मला आवडत नाही. ह्याचा अर्थ आजार आहे असा नाही, पण ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी ह्याला मैदानात सोडणार नाही. बघा, आधीच्या ठिकाणीही थांबाच सांगितलं होतं आणि इथेही थांबाच सांगितलं, पण दोन्हीत किती फरक आहे. इथे माझ्या मुलाला कळलं की आपल्याला का थांबवलंय आणि कधीपर्यंत.

इको करताना मी आत होते. खोलीत अंधार, पडद्यावर काळं पांढरं धुकं आणि त्यात ती झडप टाळी वाजवल्यासारखी उघडमीट होत होती. मॅडम भिंतीच्या एका कडेवर टिंब ठेवायच्या, दुसऱ्या कडेवर दुसरं, मग मध्ये तुटक रेघ यायची आणि कोपऱ्यात आकडा. १२ मिलिमीटर. परत मोजलं, परत १२. माझे हात गार पडले होते. मग त्यांनी समजावलं की नॉर्मल भिंत साधारण ११ पर्यंत असते, खूप ट्रेनिंग करणाऱ्यांची थोडी जास्त जाऊ शकते, १३ ते १५ च्या मध्ये अशी जागा आहे की खेळामुळे झालंय का आजारामुळे हे एकट्या इकोवर ठरवता येत नाही, आणि ह्याची कडेवर आहे. ज्या आजाराची शंका होती त्याचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. हृदयाचा स्नायू स्वतःहून जाड होत जातो, बहुतेकदा आईवडिलांकडूनच येतो, साधारण ५०० माणसांत एकाला असतो आणि कितीतरी जणांना आयुष्यभर पत्ताच लागत नाही. त्रास असा की त्या जाड स्नायूत हृदयाची विजेची लाईन बिघडू शकते. मी म्हटलं, म्हणजे अटॅकच ना, तर नाही म्हणाल्या. अटॅक म्हणजे पाईप चोक होणं, रक्त पोचत नाही, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छाती धरून बसतो. आणि हे म्हणजे घरातली लाईटच जाणं, हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही, माणूस जागच्या जागी कोसळतो. आपल्याकडे दोन्हीला अटॅकच म्हणतात आणि म्हणून दुसऱ्यात काय करायचं हे लोकांना माहीतच नसतं. २००३ मध्ये कॅमेरूनचा मार्क विवियन फोए फ्रान्समध्ये लिऑनला कॉन्फेडरेशन्स कपच्या सेमीफायनलमध्ये असाच पडला आणि गेला, अठ्ठावीस वर्षांचा होता, त्याला हाच आजार निघाला.

मुलगा तोपर्यंत गप्पच होता. मग त्याने विचारलं, मला हे असेल तर मी कधीच खेळू शकणार नाही का. आणि इथे मॅडमनी अन्वर अलीचं सांगितलं, जे मला काहीच माहीत नव्हतं आणि ह्याला अर्धवट माहीत होतं. आपलाच पोरगा, पंजाबातल्या आदमपूरचा, २०१७ चा अंडर सेव्हन्टीन वर्ल्ड कप भारतात झाला त्यात खेळलेला डिफेंडर. २०१९ मध्ये तपासणीत त्याला हाच आजार सापडला, तेव्हा वय वर्षं एकोणीस. भारताच्या फुटबॉल फेडरेशनने २०२० मध्ये त्याला खेळायचं थांबवलं, तो दिल्ली हायकोर्टात गेला. मग कोर्ट, मेडिकल कमिटी, मोठमोठ्या डॉक्टरांची मतं, असं करत करत २०२१ मध्ये त्याला परवानगी मिळाली, दिल्ली एफसीकडून खेळला, मग एफसी गोवा. मार्च २०२२ मध्ये बहारीनविरुद्ध भारताच्या सिनियर टीमकडून पहिली मॅच, आणि १४ जून २०२२ ला कोलकात्याला हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल, आपण ४-० जिंकलो. पुढे मोहन बागान, मग ईस्ट बंगाल. मुलाचे डोळे असे चमकले की काय सांगू.

पण मॅडम तिथेच थांबल्या नाहीत, आणि म्हणूनच मी त्यांना पूर्ण मार्क देते. त्या म्हणाल्या, हे ऐकून तू असं समजू नकोस की अन्वर खेळला म्हणजे सगळ्यांनी खेळावं. एकच नाव असलेला आजार प्रत्येकात वेगळा असतो, कोणाची भिंत किती जाड, आत व्रण आहेत का, होल्टरवर काय दिसतं, घरात कोण गेलंय, हे सगळं धरून एकेकाचं ठरतं. पूर्वी सरसकट सगळ्यांना बंदी करायचे, आता जगभरात डॉक्टर, खेळाडू आणि घरचे बसून ठरवतात. कधी ते ठरतं खेळ असं, कधी थांब असं. आर्जेंटिनाचा सर्जियो अग्वेरो, ऑक्टोबर २०२१ मध्ये बार्सिलोनाकडून खेळताना छातीत त्रास झाला, हृदयाचे ठोके अनियमित निघाले आणि डिसेंबरमध्ये त्याने रडत रडत रिटायरमेंट जाहीर केली. तोही निर्णयच आहे आणि तोही धाडसाचाच आहे, असं त्या म्हणाल्या.

एरिकसनचं मी विचारलं. त्याला छातीत कातडीखाली एक छोटी डबी बसवलीये, आयसीडी म्हणतात, ठोका बिघडला की ती आतल्या आत शॉक देते. तो तेव्हा इटलीत इंटर मिलानकडे होता आणि इटलीत ती डबी घेऊन प्रोफेशनल फुटबॉल खेळायला परवानगी नाही, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये करार संपवावा लागला. मग इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डने घेतलं, २६ फेब्रुवारी २०२२ ला न्यूकॅसलविरुद्ध उतरला, म्हणजे पडल्यापासून २५९ दिवसांनी. मार्चमध्ये डेन्मार्ककडून नेदरलँड्सविरुद्ध सेकंड हाफला आला आणि दोन मिनिटांत गोल. मग तीन वर्षं मँचेस्टर युनायटेड, १६ जून २०२४ ला पुढच्याच युरो कपमध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध गोल, आणि २०२५ मध्ये जर्मनीत वोल्फ्सबर्ग. तारखा मला आमच्या मुलाने लिहून दिल्यात, त्याला तोंडपाठ आहेत. हॉलंडचा डेली ब्लाइंड पण तसाच, २०१९ मध्ये हृदयाच्या स्नायूला सूज असल्याचं निघालं, डबी बसवली, २०२० मध्ये एका फ्रेंडली मॅचमध्ये त्या डबीचा प्रॉब्लेम होऊन तो मैदानात खाली बसला, तरी परत आला आणि २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध गोल केला.

इटलीचा तो नियम ऐकून मला आधी राग आला होता, पण मॅडमनी दुसरी बाजू सांगितली. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत खेळणाऱ्या प्रत्येकाची ईसीजीसकट तपासणी कायद्याने होते, आणि तिकडच्या वेनेतो भागातला अभ्यास आहे की खेळाडूंचे अचानक मृत्यू दरवर्षी लाखामागे ३.६ होते ते २००४ पर्यंत ०.४ वर आले. आणि नायजेरियाचा कानू, १९९६ मध्ये ऑलिम्पिकचं गोल्ड मेडल घेऊन इंटरकडे गेला, तिथल्या तपासणीत हृदयाची झडप खराब निघाली, ऑपरेशन झालं, आणि पुढे आर्सेनलकडून खेळला, २००८ मध्ये पोर्ट्समथकडून एफए कपच्या फायनलमध्ये एकमेव गोल त्याचाच. तपासणी झाली नसती तर हे काहीच झालं नसतं.

होल्टरबद्दल थोडं, कारण ज्यांना करायचंय त्यांना उपयोग होईल. छातीला स्टिकर आणि कमरेला छोटं मशीन, चोवीस तास, अंघोळ नाही. आम्हाला वाटलं घरी झोपून राहायचं, पण मॅडम म्हणाल्या, रोज जे करतोस ते कर, जिने चढ, ग्राउंडला फेऱ्या मार, फक्त मॅच नको. घामाने स्टिकर निघतात म्हणून ताईने जास्तीचे सहा स्टिकर आणि कुठे लावायचे त्याचा एक कागद दिला. त्या दिवशी गोल्फ क्लबला मी बाकावर बसले होते आणि हा ट्रॅकवर शर्टाच्या आतून वायर सांभाळत पळत होता, एक वायर निघाली तर मीच तिथे लावून दिली. त्या वायरीखाली त्याचं हृदय इतकं जोरात धडधडत होतं, माझ्या बोटांना लागत होतं. लहानपणी ताप आला की मी असाच हात ठेवून बघायचे.

एमआरआय अशासाठी की हृदयाचं खालचं टोक इकोत कधी कधी नीट दिसत नाही, आणि ईसीजीतल्या त्या खाली गेलेल्या उलट्या लाटा बऱ्याचदा तिथल्याच जाडीमुळे येतात. रिपोर्ट यायला आणि सगळं मिळून तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे फार वाईट होते. हा रोज संध्याकाळी वेळेवर बूट घेऊन टर्फवर जायचा, बाहेर कठड्यावर बसायचा, सगळ्यांची प्रॅक्टिस बघायचा आणि घरी येऊन न घातलेले बूट पुसून ठेवायचा. मी एकदाही जाऊ नको म्हटलं नाही. ह्यांचं म्हणणं होतं की राहू दे खेळ, पोरगं महत्त्वाचं, आणि एका रात्री आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. मॅडमनी पुढच्या व्हिजिटला ह्यांनाही बोलावून घेतलं, तिघांना समोर बसवून एकेक पान वाचून दाखवलं. टोकाकडे जाडी नाही, व्रण नाहीत, भिंत एमआरआयमध्ये ११ मोजली, होल्टर स्वच्छ, ट्रेडमिलला प्रेशर बरोबर वाढलं. निर्णय असा की खेळायला हरकत नाही, पण त्या उलट्या लाटांचं कारण अजून मिळालेलं नाही आणि घरात तो एक मृत्यू आहे, म्हणून दरवर्षी ईसीजी आणि इको, मध्ये चक्कर आली तर त्याच दिवशी फोन. ह्यांचा आणि धाकट्या मुलीचाही ईसीजी आणि इको करायला सांगितला. ह्यांचा झाला, नॉर्मल आहे.

'फिट' असा शिक्का मारून द्या असं ह्यांनी म्हटलं तेव्हा मॅडमनी जे सांगितलं ते प्रत्येक आईबापाने ऐकायला हवं. इंग्लंडमध्ये १९९६ ते २०१६ मध्ये ११,१६८ तरुण फुटबॉलपटूंची तपासणी केली, ईसीजी, इको सगळं. त्यात ४२ जणांना जीवावर बेतू शकेल असा हृदयाचा आजार सापडला. पण पुढच्या काळात त्या मुलांपैकी ८ जण हृदयामुळे अचानक गेले, आणि त्यातल्या ६ जणांची तपासणी नॉर्मल आली होती. म्हणजे आजचा कागद आजचा असतो. काही आजार नंतर उगवतात, काही ह्या तपासणीत दिसतच नाहीत. म्हणून दरवर्षी बघायचं, आणि म्हणूनच मैदानावर काय तयारी आहे ते त्या कागदाइतकंच महत्त्वाचं.

आणि ह्यामुळे पॅकेजमधली जी गोष्ट मला फुकटची वाटली होती तीच सगळ्यात मोलाची निघाली. क्लिनिकतर्फे टर्फवर येऊन रविवारी दोन तासांचं सीपीआर ट्रेनिंग, वीस जणांपर्यंत, वेगळे पैसे नाहीत. दोन रबरी पुतळे आणि एक ट्रेनिंगची शॉक मशीन घेऊन मॅडम आणि ती ताई सकाळी सात वाजता हजर. कोच, आठ दहा पालक, मोठी मुलं, टर्फचा वॉचमन, आणि चहावाले काकासुद्धा, कारण मैदानात कायम असतात ते हे दोघेच. शिकवलं ते साधं आहे. कोणी धक्का न लागता कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नाही किंवा नुसता मासा तडफडतो तसा आचके देतोय, तर पाणी मारत बसायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. एकाने १०८ लावायचा, एकाने शॉक मशीन आणायला पळायचं, आणि एकाने लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. शॉकशिवाय जाणारं प्रत्येक मिनिट वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं. मुंबई नाक्याचं ट्रॅफिक आठवा आणि हिशोब करा. मी दाबून बघितलं, दोन मिनिटांत हात भरून आले, घाम फुटला. वॉचमनदादांनी सगळ्यात चांगलं केलं, मॅडमनी त्यांना पुढे बोलावून बाकीच्यांना दाखवायला लावलं.

तिथे त्यांनी मुआम्बाची गोष्ट सांगितली. १७ मार्च २०१२, लंडनला टॉटनहॅम विरुद्ध बोल्टन, फॅब्रिस मुआम्बा कोसळला, प्रेक्षकांत बसलेले एक हार्टचे डॉक्टर धावत मैदानात आले, हृदय ७८ मिनिटं स्वतःहून चाललं नाही आणि तितका वेळ लोक दाबत राहिले, शॉक देत राहिले. तो जगला. परत खेळला नाही, पण जगला. आणि आपल्याकडे ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरला फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल मारून कोसळला तो उठलाच नाही. हे ऐकताना मैदानात कोणी हललं नाही.

मग मी टर्फच्या मॅनेजरना विचारलं की तुमच्याकडे शॉक मशीन आहे का, तर ते काय असतं म्हणाले. नाशिकमधल्या अजून तीन टर्फवर फोन करून विचारलं, तिन्हीकडे नाही. आम्ही किंमत काढली, लाखाच्या आसपास जाते. टर्फवर तासाला हजार बाराशे घेतात, फ्लडलाईट आहेत, कॅफे आहे, मोठी स्क्रीन आहे. पालकांनी वर्गणी सुरू केलीये, निम्मे जमलेत, बाकीचे टर्फवाल्यांनी घालावेत म्हणून मागे लागलोय आणि लागूनच राहणार आहोत.

आता क्लिनिकच्या तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे तर तेही सांगायला हवं. अपॉइंटमेंट साडेदहाची असली तरी नंबर बाराला लागतो, दोन्ही वेळेला हेच झालं, डबा घेऊन जा. पार्किंग अजिबात नाही, टू व्हीलरच न्या. रिसेप्शनवरची माणसं फोन पटकन उचलत नाहीत. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे रिपोर्ट सगळा इंग्रजीत, मॅडम तोंडी इतकं सुंदर मराठीत सांगतात तर एक पान मराठीत लिहून द्यायला काय हरकत आहे, माझ्या सासूबाईंना वाचून दाखवताना मला प्रत्येक ओळ उलगडून सांगावी लागली. मॅडमना मी हे बोलले, त्या म्हणाल्या, करू. दुसऱ्या व्हिजिटपर्यंत झालेलं नव्हतं. ह्या सगळ्याचे मिळून एक स्टार कापलाय, पाचपैकी चार.

कोणाकडेही जा, पण एवढं विचारून घ्या : घरातल्या अचानक मृत्यूंबद्दल विचारणार का, ईसीजी मशीनने छापलेलं वाचणार का स्वतः बघणार, इको करताना टोकाचा भाग दिसला नाही तर पुढे काय, आणि मुलाशी थेट बोलणार का. हे शेवटचं आमच्या घरात सगळ्यात जास्त कामाला आलं. आता चक्कर आली तर हा लपवणार नाही, कारण सांगितलं की लगेच खेळ बंद होत नाही हे त्याला कळलंय.

पुढची तारीख जूनची मिळालीये. धाकटीचं नावही तेव्हाच लावलंय, ती बारा वर्षांची आहे आणि गेल्या महिन्यापासून दादाबरोबर टर्फवर जायला लागलीये, गोलकीपर व्हायचं म्हणते. ग्लोव्हज अजून घेतलेले नाहीत, सध्या दादाचे जुने वापरते.